अकरा महिन्यांची आई

ओतिलियाच्या मुलीला पहिला दात आला तेव्हा ओतिलिया दोन हजार किलोमीटर लांब, लक्झेंबर्गमधल्या एका कचेरीची फरशी पुसत होती. दाताची बातमी तिला तीन आठवड्यांनी पत्रातून कळली. पत्र थोरल्या बहिणीचं, देओलिंदाचं. 'खालचा, उजवीकडचा,' असं तिनं लिहिलं होतं, आणि पुढे, 'माझ्या बोटाला अशी काही चावली की विचारू नकोस.' ओतिलियानं विचारलं नाही. पण ते बोट तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

ओतिलिया आणि तिचा नवरा आमादेउ, दोघंही पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातल्या फोंतेलाचे. लग्नाला दोन वर्षं झाली आणि आमादेउला लक्झेंबर्गमधल्या एश गावी बांधकामावर काम मिळालं. मागोमाग ओतिलिया गेली. राहायला एका कॅफेच्या माडीवर खोली मिळाली, आणि खोलीच्या मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, की इथं मूल चालणार नाही. व्हानिया तेव्हा दहा महिन्यांची होती. देओलिंदा बिनलग्नाची, पस्तीस-छत्तीसची, आईबापांमागे दगडी घरात एकटी. तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "जा तुम्ही. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

वर्षभराचे पाच झाले, पाचाचे सहाला टेकले.

पत्रांच्या जोडीनं देओलिंदा कधीकधी कॅसेट पाठवायची. मुलीचा आवाज भरलेली. ओतिलिया खालच्या कॅफेवालीचा टेपरेकॉर्डर मागून आणायची आणि दोघं नवराबायको पलंगावर बसून ऐकायची. एका कॅसेटमध्ये कोंबड्यांचा कलकलाट होता, मग भांडं पडल्याचा आवाज, आणि मग पोरगी स्पष्ट म्हणाली, "आई!"

आमादेउनं ओतिलियाच्या मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? तुला हाक मारली!"

पण कॅसेट पुढे चालूच होती. पोरगी पुन्हा म्हणाली, "आई!" आणि देओलिंदाचा आवाज आला, "काय गं राणी?"

तेवढंच. पुढे पुन्हा कोंबड्या.

आमादेउनं ते ऐकलं की नाही देव जाणे. ओतिलियानं टेपरेकॉर्डर बंद केला, वायर गुंडाळली आणि खाली नेऊन दिला. कॅसेट मात्र तिनं कपाटात मोज्यांच्या खाली ठेवली. फेकवत नव्हती, ऐकवत नव्हती.

व्हानियाला न्यायला ती दोघं आली तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. ऑगस्टचा शेवट होता. गाडीत बसली, कारण गाडी नवी होती आणि खिडकीची काच बटण दाबून खाली जायची. सीमा ओलांडली तरी ती बटणाशी खेळत होती. स्पेनमधलं झामोरा आलं तशी तिनं पुढच्या दोन सीटांमधून डोकं घातलं आणि समजूतदारपणे म्हणाली, "आता परत फिरू या. मावशीनं बटाटे उकडायला टाकलेत."

मावशी. म्हणजे शब्द बदलून पाठवला होता देओलिंदानं. शिकवून, घोकून घेऊन. ओतिलियाला त्याबद्दल बहिणीचे आभार मानायला हवे होते. ते तिला आजतागायत जमलेलं नाही.

*

आई म्हणून ओतिलियात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं. पहाटे कचेऱ्या, दुपारी दोन घरं, संध्याकाळी पुन्हा कचेऱ्या, आणि या सगळ्यांमध्ये मुलीला शाळेत सोडणं, आणणं, तापात कपाळावर ओली पट्टी. तरी घरात एक तिसरी बाई वावरत असल्यासारखं तिला वाटायचं. व्हानिया भांडी पुसायचा पंचा तीन घड्या घालून ठेवायची. "आपल्याकडे दोन घड्या घालतात," ओतिलिया म्हणायची. पोरगी मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. सूप पिताना आधी चमच्यावर फुंकर, मग एक छोटा घोट, मग डोळे मिटून "हं." तंतोतंत देओलिंदा. आणि बोलणं! शाळेत लक्झेंबर्गी, मैत्रिणींशी फ्रेंच, पण पोर्तुगीज बोलू लागली की डोंगरातल्या म्हाताऱ्यांची बोली तोंडातून बाहेर पडायची, जिभेला टाळ्यावर आपटून. ओतिलियाची स्वतःची ती बोली शहरात कधीच गळून गेली होती. मुलगी बोलायला लागली की आईच परदेशी वाटायची.

आणि मग ऑगस्ट यायचा.

एशमधले निम्मे पोर्तुगीज एकाच आठवड्यात निघतात. आमादेउ गाडीच्या टपावर पेटी आवळायचा, ओतिलिया कॉफी, चॉकलेटं, कपडे धुवायच्या पावडरीचे डबे भरायची. फ्रान्स उभा कापायचा, बोर्दोच्या पुढे झाडाखाली दोन तास झोप, मग स्पेन. व्हानिया फ्रान्सभर मुकी. स्पेन लागलं की गाणी म्हणायला लागे. झामोरा ओलांडलं की बूट काढून बसे. फोंतेलाच्या चौकात गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून ती दगडी घराकडे पळालेली असे. मग महिनाभर ती ओतिलियाला दिसे ती जेवणापुरती, तेही बोलावल्यावर.

ओतिलिया आणि आमादेउनं गावाच्या तोंडाशी नवं घर बांधलं होतं. पांढऱ्या फरश्या, दोन न्हाणीघरं, गच्ची. वरच्या मजल्यावर व्हानियाची खोली, गुलाबी पडदे. त्या पलंगावर व्हानिया एकही दिवस झोपली नाही. वर्षभर त्या घराच्या खिडक्या उघडून हवा खेळवायला येणार कोण, तर तीही देओलिंदाच.

"तिच्याकडे झोपते तर झोपू दे ना," आमादेउ म्हणायचा. "तिकडे अकरा महिने तुझीच असते."

"अकरा महिने मी तिला अभ्यास कर म्हणते, दात घास म्हणते, खोली आवर म्हणते," ओतिलिया म्हणायची. "आणि लाड करायचा महिना आला की लाड दुसरीनं करायचे. छान वाटणी आहे!"

*

व्हानिया सोळा वर्षांची झाली त्या वर्षीच्या मे महिन्यात एका रविवारी देओलिंदाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला, चेरीचं पीक वाया गेलं. आणि मग देओलिंदा हळूच म्हणाली, "ओतिलिया, पोरीवर ओरडू नकोस हं. तुम्ही घातलंय त्या बँकेच्या शिक्षणात तिचं मन नाही. लहान मुलांमध्ये काम करायचंय म्हणते. पाळणाघरात वगैरे."

ओतिलियाच्या हातात बटाटा आणि सुरी होती. "कोण म्हणतं?"

"अगं बाई. तुला बोलली नाही अजून?"

"बोलली की," ओतिलिया म्हणाली. "मघाशीच बोलली."

फोन ठेवून तिनं उरलेले बटाटे सोलले. इतके जाड सोलले, की सालींवरच एक माणूस जेवला असता. मग ती आमादेउकडे गेली आणि म्हणाली, "यंदा आपण गावाला जायचं नाही."

"काय?"

"समुद्रावर जायचं. पोर्तुगालमध्येच, पोव्हुआला. सगळे जातात. आपण पंधरा वर्षं राबतोय, एकदाही समुद्रावर गेलो नाही. जागा भाड्यानं घेऊ."

आमादेउनं टीव्ही बंद केला. तो असा बंद करायचा म्हणजे प्रकरण गंभीर. "आणि देओलिंदाला काय सांगायचं?"

"तुला रजा मिळाली नाही म्हणायचं. इकडेच राहतोय म्हणायचं."

"मी नाही म्हणणार. तुला म्हणायचं तर म्हण."

ती म्हणाली. फोनवर, आवाजात जरासा सुस्काराही घालून. "देवमातेच्या उत्सवालाही नाही?" देओलिंदानं विचारलं. उत्सव पंधरा ऑगस्टचा. "उत्सवालाही नाही," ओतिलिया म्हणाली. देओलिंदा काहीतरी बोलायला गेली, अडखळली, आणि म्हणाली, "बरं. प्रकृतीला जपा." ओतिलियाला वाटलं होतं की जिंकल्यासारखं वाटेल. थोडंसं वाटलंही.

व्हानियाला कळलं तेव्हा तिनं आदळआपट केली नाही. "तुला माहितेय मी का बोलते तिच्याशी?" एवढंच म्हणाली. ओतिलियानं का म्हणून विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली तिला.

*

पोव्हुआला वारा फार. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी राहुट्यांच्या रांगा, आणि त्यांच्या आडोशाला कुडकुडत बसलेली माणसं. आमादेउला ते भलतंच आवडलं. चड्डीवर फिरायचा, मासे आणायचा, कुणाशीही गप्पा मारायचा. व्हानिया वाळूत पालथी पडून कानात गाणी ऐकायची. ओतिलिया तिला विचारायची, "आइस्क्रीम खाणार? फिरायला येतेस? केस विंचरून देऊ?" प्रत्येक गोष्टीला "नको." आजूबाजूला मायलेकी एका टॉवेलवर बसून हसत होत्या. ओतिलिया त्यांच्याकडेही रागानं बघायची. अनोळखी बायका, तिचं काही घेतलेलं नाही, तरी.

चौथ्या दिवशी सकाळी ती ब्रेड घेऊन परतली, तर जिन्यात धुरावलेल्या सॉसेजचा वास. दोन मजले चढेपर्यंत तिला खात्री पटली होती. दार उघडलं तर स्वयंपाकघरात देओलिंदा. भाड्याच्या ओट्यावर, भाड्याच्या तव्यात, गावाकडची सॉसेज परतत होती. व्हानिया पंचा घेऊन शेजारी उभी, आणि हसत होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

"आलीस?" देओलिंदा म्हणाली. "ब्रेड ताजा आहे ना? बसनं आले बाई. दोन बस बदलल्या. कंबर राहिली तिकडेच."

"पत्ता कुणी दिला?" ओतिलियानं विचारलं, व्हानियाकडे बघत.

"मी," व्हानिया म्हणाली. "तू मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतंस. फक्त बाबांना सांगितलं होतंस."

देओलिंदा रागावेल, निदान टोमणा मारेल, अशी ओतिलिया वाट बघत राहिली. टोमण्याला काय उत्तर द्यायचं तेही तिनं मनात जुळवून ठेवलं. पण देओलिंदानं सॉसेज उलटलं आणि म्हणाली, "बरं केलंत समुद्रावर आलात. एक्कावन्न वर्षांत मीही कधी पाहिला नव्हता." तेव्हा ओतिलियाच्या लक्षात आलं की बहिणीनं केस रंगवलेत. अंगात निळा झगा होता, नवा. देओलिंदाला तिनं निळ्यात कधी पाहिलं नव्हतं.

समुद्रावर गेल्यावर व्हानियानं मावशीचे मोजे स्वतः काढले. तिचा हात धरून तिला पाण्यात नेलं. पाणी बर्फासारखं. पहिली लाट पायांवर आली तशी देओलिंदा अशी किंचाळली की राहुट्यांतून डोकी बाहेर आली. "मेले! मेले गं मी!" आणि दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. ओतिलिया टॉवेलावर बसून बघत होती. हा समुद्र तिनं शोधला होता, जागा तिनं भाड्यानं घेतली होती, आणि तिथलं पहिलं हसू देओलिंदाच्या वाट्याला. आमादेउ म्हणाला, "तूही जा ना पाण्यात." ती म्हणाली, "मला सर्दी आहे." सर्दी नव्हती.

दुपारी जेवायला बसले. देओलिंदानं सगळ्यांना वाढलं, स्वतःच्या पानात घेतलं, आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मला काहीतरी सांगायचंय. तुम्ही गावाला येणार म्हणून थांबले होते. मग तुमचं यायचं रद्द झालं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं." तिचे कान लाल झाले. "मी लग्न करतेय. पंचवीस तारखेला."

आमादेउचा काटा हवेतच राहिला. "कुणाशी?"

"सेराफिमशी. तो गिलावा करणारा. फ्रान्समध्ये असतो, क्लेर्मों-फेराँला. बायको गेली त्याची चार वर्षांपूर्वी."

"सेराफिम! बँडमध्ये तुतारी वाजवायचा तो?"

"आता नाही वाजवत. दात गेले पुढचे." आणि ती लाजून हसली. "ऑक्टोबरात मी जाणार त्याच्याबरोबर. तिकडेच. त्याची मुलं-नातवंडं तिकडे आहेत."

आमादेउ उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि मेहुणीच्या दोन्ही गालांवर मुके घेतले. "बाई गं, या वयात परदेशी निघालीस! आम्ही परतायच्या गोष्टी करतोय आणि तू निघालीस!" तो वाइन शोधायला गेला.

ओतिलिया मात्र मुलीकडे बघत होती. व्हानियाचा चेहरा पांढरा पडला होता.

"आणि मी?" व्हानिया म्हणाली.

"तुझं काय राणी? तू येशील ना तिकडे. लक्झेंबर्गहून जवळच आहे, सेराफिम म्हणतो—"

"तिकडे कशाला येऊ? त्याच्या नातवंडांना बघायला?" व्हानियाचा आवाज चढला. "केस रंगवलेस ते त्याच्यासाठी? लाज नाही वाटत या वयात? लोक हसत असतील गावात!"

"हसतात की," देओलिंदा शांतपणे म्हणाली. "मीही हसते. हे बघ, तू माझ्याकडे वर्षाचा एक महिना असतेस. तो महिना तुझा, बिनशर्त. पण उरलेल्या अकरा महिन्यांत मी कुणाची गं? नव्या घराच्या खिडक्या उघडायच्या आणि लावायच्या. त्या दगडी घरात सूप एका माणसाचं करता येत नाही, दरवेळी उरतं."

व्हानियानं खुर्ची मागे ढकलली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली.

आणि ओतिलिया? ओतिलियानं त्या दिवशी दोनदा मागून घेतलं. सॉसेज छान झालं होतं. देओलिंदा जाणार. दगडी घराला कुलूप लागणार. 'मीही अशीच बसले होते पोरी, "आणि मी?" म्हणत,' असं तिला मुलीला ओरडून सांगावंसं वाटलं. तिनं बहिणीला जवळ घेतलं, अभिनंदन केलं, आणि ते इतकं मनापासून होतं की देओलिंदा चकितच झाली.

मग ती न्हाणीघराच्या दाराशी गेली. आता आपली वेळ, असं तिला वाटलं. "व्हानिया, उघड बाळा. आई आहे."

"तू येऊ नकोस," आतून आवाज आला. "तुला आनंद झालाय. दिसला मला. जेवताना दिसला."

नाही म्हणायला ओतिलियानं तोंड उघडलं. मिटलं. ती तिथंच फरशीवर बसली, दाराला पाठ लावून.

"हो," ती म्हणाली. "झालाय."

आत नळ चालू होता तो बंद झाला.

"तू दीड वर्षांची होतीस," ओतिलिया सांगू लागली, "तेव्हा मावशीनं कॅसेट पाठवली होती." आणि तिनं कोंबड्यांपासून सगळं सांगितलं. 'आई' आणि 'काय गं राणी'. मोज्यांखाली ठेवलेली कॅसेट. चार घरं हलवली तरी प्रत्येक घरात ती मोज्यांखालीच. हे तिनं आमादेउलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगताना तिला कळलं, की इतक्या वर्षांत आपण देओलिंदाच्या नावानं मनात जेवढं बोललो तेवढं तर मुलीशी बोललोच नाही.

मग आतून, दाराच्या अगदी जवळून, व्हानियानं विचारलं, "मग मला न्यायला सहा वर्षं का लागली?"

"त्या खोलीच्या मालकाला मूल चालत नव्हतं."

"सहा वर्षं त्याच खोलीत होतात?"

इथं नेहमीचं उत्तर तयार होतं. नातेवाईकांना, शेजारणींना, पाद्रीबाबांना दिलेलं. ओतिलियाच्या जिभेवर ते आलंही.

"नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षी घर मिळालं. दोन खोल्यांचं. तुला आणता आलं असतं. पण तू आली असतीस तर मला संध्याकाळचं काम सोडावं लागलं असतं, आणि गावच्या घराचं छप्पर अर्धं झालं होतं. तुझे बाबा म्हणाले घेऊन येऊ. मी म्हणाले, छप्पर होऊ दे. मग खिडक्या. मग फरशी. तू देओलिंदाकडे मजेत होतीस, आणि आम्ही... मी म्हणाले, थोडं थांबू."

कडी निघाली. व्हानिया दारात उभी. डोळे सुजलेले. "बाबा म्हणाले होते?"

"हो."

"आणि तू मावशीवर चिडून बसतेस."

"हो."

व्हानिया तिच्याकडे बघत राहिली. मिठी मारली नाही, माफही केलं नाही. खाली बसली, आईच्या शेजारी, दोघींत एक हाताचं अंतर ठेवून. "गुलाबी पडदे मला कधीच आवडले नाहीत," ती म्हणाली. "मला गुलाबी आवडत नाही. मावशीला माहीत आहे."

"मग कुठला रंग आवडतो?"

"तिला विचार," व्हानिया म्हणाली. मग स्वतःच, जराशानं, "हिरवा."

*

दुसऱ्या दिवशी जागेची किल्ली परत केली आणि उरलेले पाच दिवस सोडून ते गावाला निघाले. उत्सव झाला. लग्न झालं. सेराफिम बुटका, टकला, हसताना तोंडावर हात धरणारा माणूस निघाला. तो व्हानियाशी बोलायला गेला की ती मोबाइल काढायची. पंचवीस तारखेच्या सकाळी ओतिलिया दगडी घरात बहिणीच्या झग्याला इस्त्री करत होती. आतल्या कपड्यांत देओलिंदा खुर्चीवर बसली होती.

"मी तिला कधी शिकवलं नाही, मला आई म्हण म्हणून," देओलिंदा एकदम म्हणाली. पोरीनं तिला काही सांगितलं होतं की काय, कोण जाणे. "शपथ घेऊन सांगते. आपण होऊन म्हणाली."

ओतिलियानं इस्त्री उभी केली.

"पण म्हणाली तेव्हा थांबवलंही नाही," देओलिंदा म्हणाली. "चार-साडेचार वर्षं. बरं वाटायचं. तुम्ही न्यायला येणार असं पत्र आलं, मग पंधरा दिवसांत शब्द बदलून घेतला. एकदा चुकली तेव्हा चापटही मारली. तेवढी एकच चापट मारली तिला मी आयुष्यात."

खाली चौकात बँडवाले वाद्यं जुळवत होते. ओतिलियाला वाटलं रडावं, पण राग आला. मग रागही नीट येईना. "हात वर कर," ती म्हणाली आणि झगा बहिणीच्या डोक्यावरून खाली सोडला. पाठीची बटणं लावताना ती म्हणाली, "चापट कशाला मारलीस? सहा वर्षांची होती."

"तुझ्यासाठी," देओलिंदा म्हणाली.

ओतिलियानं उरलेली बटणं लावली. एक बटण चुकलं, ते काढून पुन्हा लावलं.

*

त्यानंतर व्हानिया मावशीशी सहा-सात महिने बोलली नाही. बँकेचं शिक्षण तिनं सोडलं, हे मात्र आईला आधी सांगितलं, स्वयंपाकघरात, सरळ. ओतिलिया ओरडली. मग गप्प झाली. त्या वर्षी घरात दोघींची भांडणं फार झाली, आधी कधी होत नसत तशी, दारं आपटून. आमादेउ कानात कापूस घालायचा. ओतिलियाला ती भांडणं बरी वाटायची. देओलिंदाशी व्हानिया कधी भांडली असेल असं तिला वाटत नव्हतं.

ईस्टरच्या सुट्टीत व्हानिया मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली. ती परतल्यावर कोट झटकताना खिशातून आगगाडीचं तिकीट पडलं, क्लेर्मों-फेराँचं. ओतिलियानं ते उचललं आणि तिच्या छातीत ती जुनी कळ जशीच्या तशी उठली. एका क्षणाचाही उशीर नाही. तिनं स्वतःलाच विचारलं, की हे जायचं नाही का कधी? तिकीट तिनं परत खिशात ठेवलं. रात्रीच्या जेवणाला विचारलं, "मैत्रीण बरी आहे ना?" व्हानियानं चमच्यावर फुंकर मारली, घोट घेतला, डोळे मिटले. "बरी आहे. दात बसवून घेतलेत तिच्या नवऱ्यानं."

आमादेउला ठसका लागला.

व्हानिया आता एशमध्येच एका पाळणाघरात काम करते. ऑगस्टमध्ये गाडी तीच चालवते, कारण आमादेउला आता इतका वेळ स्टिअरिंग धरून बसवत नाही. सेराफिमच्या जुन्या गाडीला एवढा पल्ला झेपत नाही, म्हणून गेली तीन वर्षं सगळे क्लेर्मों-फेराँवरून जातात आणि त्या दोघांना घेतात. पुढे व्हानिया आणि सेराफिम, मागे आमादेउ खिडकीशी, मधे ओतिलिया, पलीकडे देओलिंदा. कुठे थांबायचं यावरून बहिणींची जुंपते. एकीला कॉफी हवी तर दुसरीला झाड.

यंदा स्पेन लागल्यावर देओलिंदाला झोप लागली. डोकं घरंगळून ओतिलियाच्या खांद्यावर आलं, तोंड उघडं, घोरणं सुरू. ओतिलियानं खांदा जरासा हलवला, तिला पलीकडे सारायला.

आरशातून व्हानियाचे डोळे दिसले. "आई, हलू नकोस ना. रात्रभर जागी आहे ती, सामान भरत होती."

"मीही जागीच होते," ओतिलिया म्हणाली. "मीही सामान भरलं. माझं डोकं कुणाच्या खांद्यावर ठेवायचं?"

"बाबांच्या ठेव."

"तुझे बाबा चिकट झालेत घामानं."

"मी ऐकतोय," आमादेउ म्हणाला.

ओतिलिया हलली नाही. झामोरापर्यंत तिचा दंड बधिर झाला, बोटांना मुंग्या आल्या. तिथं गाडी थांबली, देओलिंदा जागी झाली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोरगी काय सुरेख चालवते गं! एक धक्का नाही."

"शिकवलं कुणी?" ओतिलिया म्हणाली, दंड चोळत. "प्रत्येक शनिवारी, सुपरमार्केटच्या मागच्या मैदानात, मी बसायचे शेजारी. तू नव्हतीस तेव्हा."

"नव्हते," देओलिंदानं कबूल केलं. "सांग ना. कशी शिकली?"

ओतिलियानं तिच्याकडे संशयानं पाहिलं. मग तिघी कॉफी प्यायला गेल्या, आणि ती सांगू लागली.